गिनतीच्या गोट्यावरचं संत्रं

नागपूर सोडल्यापासून काटोलपर्यंत आमचं बरं चाललं होतं. जानेवारीचं कोवळं ऊन होतं, खिडकीतून संत्र्याच्या बागा दिसायला लागल्या होत्या आणि आमचे हे मला मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आठवणी सांगत होते. सहा वर्षांचे असताना त्यांनी सौंसर सोडलं, त्यामुळे आठवणी म्हणजे नुसते तुकडे. त्यातला एक तुकडा 'ऊनपानी'चा होता. सातपुड्याच्या जंगलात एक गरम पाण्याचा झरा आहे, त्याचं ते गावठी नाव. आई तिथं घेऊन जायची, दंड घट्ट धरून ठेवायची, आणि तिथं असेपर्यंत नावानं हाक म्हणून मारायची नाही. "ए लेकरा" एवढंच. का, ते ह्यांनी कधी विचारलं नाही. आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांना ते पाणी आठवलं आणि सहा महिने माझ्या मागे लागून त्यांनी मला नाशिकहून इथवर आणलं होतं.

भांडण नरखेडच्या अलीकडे झालं. समोरच्या गृहस्थांनी ह्यांना काहीतरी विचारलं, ह्यांनी भलतंच उत्तर दिलं, आणि मी, तीस वर्षं वर्गात गणित शिकवून कमावलेल्या आवाजात, सांगून टाकलं, "त्यांना ऐकू येत नाही हो, मशीन लावूनसुद्धा!" डब्यातले लोक हसले. हे लालबुंद झाले. शांतपणे कानातलं मशीन काढून त्यांनी डबीत ठेवलं आणि गृहस्थांना म्हणाले, "आमच्या संसाराचं गुपित हेच आहे. हिचं ऐकायचं नसलं की हे काढून ठेवतो." लोक आणखी हसले. मला मात्र ते फार लागलं. छत्तीस वर्षं मी बोलत आले त्यातलं किती ह्यांच्यापर्यंत पोचलं, हाच विचार पांढुर्णा येईपर्यंत डोक्यात घोळत राहिला, आणि उतरताना आमच्यात बोलणं बंद झालेलं होतं.

पांढुर्ण्याला ह्यांचा चुलतभाऊ मधू राहतो. संत्र्याचा व्यापार करतो. आम्हाला घ्यायला स्टेशनवर आला तोच संत्र्यांचा वास घेऊन. गाव आता जिल्ह्याचं ठिकाण झालं आहे, त्यामुळे जुन्या कापसाच्या गाड्यांच्या बाजूला नव्या पाट्या दिसतात, हे त्यानं कौतुकानं दाखवलं. जेवायला पाटवडीचा झणझणीत रस्सा (बेसनाच्या वड्यांची पातळ भाजी), भाकरी आणि भात. आम्ही दोघं त्याच्यामार्फत बोलत होतो. "भाऊजी, त्यांना विचारा भात हवा का." "मधू, तिला सांग, नको." मधूभाऊजींनी दोन वेळा मुकाट्यानं निरोप पोचवले, तिसऱ्या वेळी ताट बाजूला सारून म्हणाले, "वहिनी, तुमी दोघं ऊनपानीवर जाऊन राहिले उद्या. तिथी असं रुसून नका जाऊ."

"का? पाणी रागावतं?" मी विचारलं.

"तसं नाई जी. तिथी एकमेकाकडं ध्यान ठेवा लागते," एवढंच म्हणून ते पुन्हा जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मधूभाऊजींच्या मोटारीनं निघालो. मोहगाव मागं पडलं तरी धुकं उतरलेलं नव्हतं. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर थोडा थोडा कापूस राहून गेला होता आणि त्या पांढऱ्यात धुकं कुठं संपतं ते कळत नव्हतं. सौंसरला आम्ही तर्री-पोहे खाल्ले. पोहेवाल्यानं तर्रीचा डाव ओतता ओतता विचारलं, "कुठी निघाले जी?"

मधूभाऊजींनी सांगितलं. त्याचा डाव हवेतच थांबला. मग त्यानं माझ्या पोह्यांवर न मागता आणखी शेव घातली. "चांगलं हाय पानी. माह्या मायचे हातपाय तिथंच मोकळे झाले. पन बाई, तिथी कोनाचं नाव नका घेऊ." मी हसले. तो हसला नाही.

सौंसरच्या पुढं डोंगर जवळ येतात. एका वळणावर डांबरी रस्ता सोडून आम्ही सागाच्या जंगलात शिरलो. 'वन उद्यान' अशी हिंदी पाटी, लाकडी फाटक, बसायला दोन बाक, सगळं नेहमीसारखं. नेहमीसारखी नव्हती ती शांतता. मोटारीचं इंजिन बंद झालं आणि मी पाखरांच्या आवाजाची वाट बघत बसले, तर काहीच नाही. सागाच्या फांद्यांवर वानरं होती, चांगली वीस-पंचवीस, पण एकही हूप करत नव्हतं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती, झाडांमधून वाफ वर येत होती तिकडं. गंधकाचा वास नाकात बसला. मी मनात म्हटलं, बाई गं, हा वास आहे म्हणून पाखरं नाहीत, एवढं सरळ आहे.

फाटकाच्या आत कुंडाची राखण करणाऱ्या देवकाबाई बसल्या होत्या. साठीच्या, काटक, हिरवं लुगडं, खांद्यावर जुना स्वेटर. त्यांच्या सासूनं हे कुंड सांभाळलं, तिच्या सासूनंही. त्यांच्यासमोर एक पसरट काळा दगड होता आणि त्यावर तीन संत्री ठेवलेली होती.

"एकेक संत्रं घ्या टोपल्यातून," त्या म्हणाल्या, "आन गोट्यावर ठेवून आत जा. बाहीर आले का आपलं उचला. फाटकाबाहीर जाऊन खा. आत नाई खायचं."

"हे कशासाठी?"

"हा गिनतीचा गोटा हाय. वाफेत मानूस दिसत नाई. जेवढे संत्रे, तेवढे मानसं आत." त्यांच्या बाजूला झाडाला रुळाचा तुकडा टांगला होता. दर थोड्या वेळानं त्या दगडावरची संत्री मोजतात आणि तितके टोले देतात. आत असलेल्या प्रत्येकानं "हाव" म्हणायचं. ओ कमी आली, की त्या स्वतः आत शिरून बघतात. बागा नव्हत्या तेव्हा लोक आवळे ठेवत, असं त्यांनी सांगितलं.

मी गणिताची बाई, मला ही पद्धत खरं तर आवडायला हवी होती. पण त्या दिवशी मला काहीच आवडत नव्हतं. "नावं लिहून घेतलीत तर सोपं नाही का पडणार?"

देवकाबाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं. "नाव नाई घ्यायचं इथी, बाई. पानी शिकते."

"काय शिकतं?"

"नाव. आन जो घेईन त्याचा आवाज." त्यांनी हे अगदी सहज, दूध उतू जाऊ देऊ नका म्हणावं तसं सांगितलं. "मंग ते त्याच आवाजात बोलावते. वरून."

वर म्हणजे कुंडांच्या मागं चढत जाणारी पायवाट. तिच्या टोकाला मूळ झरा आहे. तिथलं पाणी इतकं उकळतं की फडक्यात बांधलेला तांदूळ सोडला तर शिजून येतो. झऱ्याभोवतीची जमीन वरून टणक दिसते आणि खाली पोकळ असते. तिथं कुणी जात नाही. खालच्या दोन कुंडांत ते पाणी निवत निवत येतं. एक पुरुषांचं, एक बायकांचं, मधे दगडी भिंत.

मधूभाऊजींना रक्तदाबाचा त्रास, ते पाण्यात उतरणार नव्हते. ते मोटारीपाशी थांबले. ह्यांनी मशीनची डबी माझ्यासमोर धरली. मी ती घेतली, पर्समध्ये टाकली, शब्द बोलले नाही. दोघांनी आपापलं संत्रं दगडावर ठेवलं. हे वाफेत शिरले. दोन पावलांवर त्यांचा सदरा पुसट झाला आणि तिसऱ्या पावलाला तिथं कुणी नव्हतं.

बायकांच्या कुंडात मी एकटीच होते. पाणी अंगावर शालीसारखं बसलं. खाली वाळूतून बुडबुडे येत होते. एक आला, थोड्या वेळानं दोन, मग बराच वेळ काहीच नाही, मग माझ्या पायाशी एकदम खूप. पाण्याकाठच्या झाडांची मुळं क्षारानं पांढरी झाली होती. भिंतीपलीकडं तीन माणसं हळू आवाजात बोलत होती, जवळच्या बोरगावचे शेतकरी असावेत. बाहेर पाच टोले पडले. पलीकडून तीन "हाव" आले, मी चौथी ओ दिली. पाचवी आली नाही. ह्यांना ऐकू कुठलं येणार? लगेच देवकाबाईंची पावलं वाजली, त्या पुरुषांच्या बाजूला डोकावल्या असणार, "हायेत, हायेत" म्हणत परत गेल्या.

आणि इथं मी ते केलं. राग निवला नव्हता. ऊब मिळाली की राग जातो म्हणतात, माझा उलट वर आला. ऐकायचं नसलं की काढून ठेवतो काय? आता तर मशीन माझ्याच पर्समध्ये आहे, आता काय ऐकणार! लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर छत्तीस वर्षांत मी ह्यांचं नाव कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. अहो, ऐकलंत का, एवढ्यावर संसार झाला. त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून, वर्गावर ओरडावं तशी मी ओरडले.

"श्रीधर! श्रीधरराव! ऐकायचं नाही ना माझं? नका ऐकू!"

बोरगावकरांचं बोलणं थांबलं. बुडबुडेही थांबले. सगळं कुंड काचेसारखं सपाट झालं, आणि डोंगराकडून माझाच आवाज परत आला. डोंगरात प्रतिध्वनी उमटतो, त्यात नवल नाही. पण मी एवढं सगळं ओरडले होते आणि परत आलं ते फक्त नाव.

मी घाईनं बाहेर आले, कपडे बदलले. बोरगावची माणसं माझ्या आधीच निघून गेली होती, अंग धड न पुसताच. दगडावर दोन संत्री होती. देवकाबाई चुलीसाठी काटक्या आणायला मागं गेल्या होत्या. मी माझं संत्रं उचललं. ह्यांचं तिथं एकटं राहिलं. बसले असतील मुद्दाम, मला ताटकळत ठेवायला, असं वाटलं आणि तिरीमिरीत मी तेही उचललं. फाटकाबाहेर बाकावर बसले आणि आधी त्यांचंच सोलायला घेतलं. ह्या मुलखात संत्रं हातात आलं की अंगठा आपोआप सालीत जातो. माझाही गेला. पण खोटं कशाला बोलू, मी ते रागानं खाल्लं. एकेक फोड, सावकाश. हे संत्र्यावर जीव टाकतात, म्हणून.

मागं देवकाबाई परतल्या. त्यांनी दगडाकडं पाहिलं, फाटकाला बांबू आडवा लावला आणि चुलीशी जाऊन बसल्या. टोला पडला नाही. ते माझ्या लक्षातही आलं नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मधूभाऊजी मोटारीकडून आले. "वहिनी, दादा कुठी हायेत?"

"आत. दुसरं कुठं?"

देवकाबाई चुलीपासून म्हणाल्या, "आत कोनी नाई. गोटा खाली हाय, एक संत्रं नाई त्याच्यावर. बोरगाववाल्यासंगं गेले असतीन चहाले."

"ते तिघंच गेले, म्या पायलं," भाऊजी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात साल होती, सालीत दोन फोडी राहिल्या होत्या. माझं स्वतःचं संत्रं मांडीवर तसंच होतं. काही सांगायची गरज पडली नाही. देवकाबाईंच्या तोंडावरचा रंग उतरला. मी हात पुढं केला आणि म्हटलं, "हे त्यांचं आहे."

"काय केलं, बाई हे," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "म्या इतका वेळ टोला नाई देल्ला. आत डोकावलीबी नाई."

पुरुषांच्या कुंडात कुणी नव्हतं. काठावर ह्यांचा पंचा घडी करून ठेवला होता. सदरा, विजार नव्हती, म्हणजे कपडे घालून झाले होते. चपला नव्हत्या. वाफ इतकी दाट होती की हात लांब केला की बोटं दिसेनाशी होत. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि देवकाबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्यांच्या हाताला धुराचा वास येत होता.

"त्यांना तसंही ऐकू येत नाही," मी पुटपुटले. "मशीन माझ्याकडं आहे."

"नाव घेतलं का तुमी?"

मी मान डोलावली. पदर खोचून त्या वरच्या पायवाटेला लागल्या आणि मी त्यांच्या मागं.

त्या चढावर मला जे वाटलं ते इथं साधेपणानं लिहिते. मला भीती वाटली, आणि त्या भीतीतही मला डब्यात हसणाऱ्या लोकांची तोंडं दिसत होती. माणूस हरवलं आहे हे कळायची एकच खूण त्या दगडावर होती आणि ती मी खाऊन बसले होते. पायाखालची जमीन काही ठिकाणी मऊ लागायची आणि गरम. देवकाबाई काठीनं ठोकून बघत, पोकळ आवाज आला की बाजूनं नेत. मला वाटेत एकदा, पुढून, अगदी स्पष्ट, कुणी बाई बोलल्यासारखं ऐकू आलं. शब्द कळले नाहीत. आवाज ओळखीचा होता एवढं मात्र कळलं. मी देवकाबाईंचा पदर धरला आणि त्यांनी तो धरू दिला.

हे एका खडकावर बसलेले सापडले. समोर सात-आठ पावलांवर झरा उकळत होता. हात मांडीवर, मान तिरकी, कुणाचं तरी बोलणं लक्ष देऊन ऐकत असल्यासारखे. मी दंड धरला, त्यांच्या आईनं धरला असेल तितका घट्ट, तेव्हा ते दचकले आणि माझ्याकडं बघून मग झऱ्याकडं बघू लागले. एकदा माझ्याकडं, एकदा तिकडं.

खाली आल्यावर देवकाबाईंनी त्यांना फाटकातून जाऊ दिलं नाही. "गोट्यावरून उचलल्याबिगर कसे जातीन? ते अजून आतच हायेत." मी माझं संत्रं ठेवायला गेले, तर म्हणाल्या, "ते तुमचं. त्यायचं ठेवा." मग मी ती साल दगडावर ठेवली, दोन उरलेल्या फोडींसकट. ह्यांनी ती उचलली. त्यांना काही कळलेलं नव्हतं, पण फोड तोंडात टाकून ते म्हणाले, "आंबट आहे." दोन दिवसांत माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. मी तिथंच, सगळ्यांसमोर, रडले.

मोटारीत बसल्यावर मी डबी दिली. त्यांनी मशीन लावलं, कान चोळला आणि विचारलं, "एवढं ओरडत का होतीस?"

"एकदाच ओरडले."

"एकदा कुठलं? मी कपडे घालत होतो तेव्हापासून. सारखी. श्रीधर, श्रीधर. वरून. मशीन नसताना इतकं स्वच्छ मला कधी ऐकू आलं नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, बोलायला लागली बाई. म्हणून चढत गेलो. मग त्या गंधकाच्या घाणीत मला संत्रं सोलल्याचा वास आला. खालून. आता ह्या आख्ख्या जंगलात माझं संत्रं खाणारी बाई एकच. ती जर खाली आहे, तर वर कोण बोलावतंय? म्हणून बसलो."

मधूभाऊजींनी गाडी चालू केली. देवकाबाई खिडकीशी आल्या आणि फक्त माझ्याशी बोलल्या. "काई दिवस घरीबी नावानं हाक मारू नका. पानी मारीन. मशीन नसन तवा मारीन, पान्यापाशी मारीन. ते ओ द्यायले लागले का संत्रं सोला. वासानं थांबतीन."

नाशिकला येऊन आता दोन महिने होऊन गेले. गुडघे खरंच बरे आहेत, ते जिना चढतात. मुलीला मी सगळं सांगितलं, ती म्हणाली, ऐकू कमी येणाऱ्यांना असे भास होतात, डॉक्टरांना दाखव. दाखवलं. डॉक्टरही तेच म्हणाले. मीही वर्गात कुणी असं सांगितलं असतं तर तेच म्हटलं असतं.

फक्त एक आहे. रोज सकाळी हे मशीन टेबलावर ठेवून अंघोळीला जातात. मी न्हाणीघराबाहेर स्टुलावर एक संत्रं ठेवते आणि स्वयंपाकघरात काम करत कान तिकडं लावून बसते. आम्ही त्याबद्दल बोलत नाही. बाकी आता आम्ही पुष्कळ बोलतो, आणि मी बोलत असताना ते मशीन काढत नाहीत. बाहेर आले की ते संत्रं उचलतात, अर्धं मला देतात. बहुतेक दिवस असेच जातात.

पण आठवड्यातून एखाद्या दिवशी, पाण्याचा आवाज चालू असताना, आतून ते मोठ्यानं म्हणतात, "आलो गं, आलो!" आणि मी हाक मारलेली नसते. मग मी धावत जाते, दाराशी बसते आणि संत्रं सोलते. साल दाराच्या फटीशी धरते. पाण्याचा आवाज थांबतो. थोड्या वेळानं आतून विचारतात, "बाहेर आहेस ना?"

"आहे," मी दारावर थाप मारते.

बाजारात संत्री संपत आली आहेत. फळवाला म्हणतो, फार तर आणखी आठवडा. मोसंबी चालेल का, ते देवकाबाईंना विचारायचं राहून गेलं.